हेटीसाठी घेतलेला ब्लेझर

मी शाळेचा ब्लेझर आहे. रंग गडद हिरवा, बटणं पितळी. आमच्या इंग्लंडातल्या केंटमध्ये दहा वर्षांच्या पोरांची परीक्षा होते. जी पास होतात ती ग्रामर शाळेत, म्हणजे निवडक हुशार पोरांच्या शाळेत, जातात आणि माझ्यासारखे ब्लेझर घालतात. उरलेली गावातल्या शाळेत जातात, काळा स्वेटर घालून. लोक रस्त्यात पोराचं तोंड बघत नाहीत, आधी कपडा बघतात.

माझी पहिली मालकीण फिलिपा, दातांच्या डॉक्टरांची मुलगी. माझ्या खिशात बिस्किटांचा चुरा आणि उष्टी चिंगम असायची. परीक्षेची काळजी तिला कधी पडलीच नसावी, कारण त्याबद्दल तिच्या घरात कोणी बोलायचंच नाही. तिचे दंड माझ्यात मावेनासे झाले, तेव्हा तिच्या आईनं मला धुऊन, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या दुकानात नेऊन दिलं.

तिथं मला जनीननं पाहिलं.

जनीन बस चालवायची. ग्रामर शाळा तिच्याच मार्गावर होती. रोज सकाळी हिरव्या पोरी तिच्या बसमध्ये चढायच्या आणि ती आरशातून त्यांच्याकडे बघायची. तिची हेटी नुकतीच परीक्षा देऊन आली होती. निकाल लागायचा होता. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "पास झाली का लेक?"

"होईल की," जनीन म्हणाली आणि मला काखेत मारून बाहेर पडली.

घरी तिचे वडील लेन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर काम केलेला माणूस, आता गुडघ्यांनी आणि कमरेनं दगा दिलेला. मला बघून ते म्हणाले, "निकालाआधीच? जनीन, तू लग्नाचा पोशाखसुद्धा असाच, मागणी येण्याआधी आणला होतास."

"बाबा, प्लीज."

"बरं बाई, गप्प बसतो."

मला स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर अडकवलं. हेटीनं एकदा बाहीवरून हात फिरवला, पण घातलं नाही. "आधी निकाल," ती म्हणाली.

निकाल आला. हेटी थोडक्यात राहिली होती. फार थोडक्यात, आणि तेच वाईट झालं. फार मागे पडली असती तर जनीननं रडून सोडून दिलं असतं. थोडक्यासाठी मात्र माणूस भांडतो. वसंतात शाळांच्या जागा जाहीर झाल्या, हेटीला गावातली शाळा मिळाली, आणि जनीननं अपील करायचं ठरवलं.

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. बसवरची ड्युटी संपली की जनीन टेबलाशी बसायची. टोस्टवर ओतलेले बीन्स गार होऊन जायचे. हेटीच्या वह्या, गुणपत्रकं, पोहण्याची प्रमाणपत्रं, सगळं पसरलेलं. अपिलात तीन जणांच्या मंडळाला दोनच गोष्टी पटवून द्यायच्या होत्या. पोरगी हुशार आहे आणि त्या दिवशी तिच्याकडून का झालं नाही.

पहिल्या गोष्टीसाठी ती हेटीच्या मुख्याध्यापिकेकडे, ऑसगुड बाईंकडे गेली. परत आली ती कोट न काढताच बसली.

"काय म्हणाल्या?" लेननी विचारलं.

"म्हणाल्या, हेटी गुणी आहे, कष्टाळू आहे, वर्गात सगळ्यांना हवीहवीशी आहे. तसं लिहून देते म्हणाल्या. मी म्हटलं, हुशार आहे असं लिहा ना. तर म्हणाल्या, मिसेस रेल्फ, तिच्यापुढे वर्गात बरीच मुलं आहेत, आणि त्यातली काही स्वतःच नापास झालीत. मी खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी माझं खरंही कोणी मानणार नाही."

"बाई सरळ आहे."

"सरळ माणसं मला आत्ता नकोत, बाबा!"

मग उरली दुसरी गोष्ट. परीक्षेच्या दिवशी सकाळी जनीन बसवर होती. लेन न्हाणीघरात पाय घसरून पडले. हेटीनं त्यांना बघितलं. तिनं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पुसलं, कपडे बदलले, कसंबसं ओढून खुर्चीपर्यंत आणलं. अँब्युलन्स नको म्हणून ते हट्टाला पेटले. मग तिनं आईला फोन केला, आणि तिथून चालत परीक्षेला गेली. शाळेतल्या बाईंना तिनं काहीच सांगितलं नाही.

जनीन हे लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एका दुपारी तिनं लेनना वाचून दाखवलं.

लेन खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते ओल्या कपड्यांचं काढून टाक."

"तेच तर महत्त्वाचं आहे. दहा वर्षांच्या पोरीनं तुमची ओली पँट बदलली. त्याच हातांनी तिनं पुढे पेपर लिहिला."

 किटली उकळून आपोआप बंद झाली.

"मग नीट तरी लिही," लेन म्हणाले. "पँट नव्हती. पायजमा होता."

जनीन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. हेटी दारात उभी होती. माझ्या इतकी जवळ, की तिचा श्वास मला लागत होता. "सगळ्यांना हे वाचायला देणार?" तिनं विचारलं.

"तिघांनाच, राणी. तीन अनोळखी माणसं."

"अनोळखी आहेत म्हणूनच तर," हेटी म्हणाली आणि जिना चढून गेली.

सुनावणीच्या दिवशी जनीननं मला घडी करून पिशवीत घातलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एका हॉटेलातली बैठकीची खोली होती. मी तिच्या खुर्चीखाली. पिशवीच्या तोंडातून मला फक्त बूट दिसत होते, आवाज मात्र सगळे ऐकू येत होते.

ग्रामर शाळेच्या माणसानं सांगितलं की वर्ग भरलेले आहेत. मग जनीननं वाचलं. पायजम्याशी तिचा आवाज अडखळला, पण तिनं पूर्ण वाचलं. मधे बसलेल्या बाई फार मायाळू होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं. मग विचारलं, "वडिलांच्या पडण्याची डॉक्टरकडे काही नोंद?"

"नाही. त्यांनी कोणाला बोलावूच दिलं नाही."

"तुम्हाला त्या सकाळी कळलं होतं?"

"हो. हेटीचा फोन आला होता. मी शेवटच्या थांब्यावर होते."

"मग तुम्ही शाळेला कळवलं असतंत तर तिला दुसरा दिवस मिळू शकला असता. का नाही कळवलंत?"

  खोटं बोलणं तिला सोपं होतं. बस चालवत होते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मला वाटलं, सांगितलं तर तिला बसूच देणार नाहीत," ती म्हणाली. "ती फोनवर रडत होती. मी विचारलं, आजोबा बोलतायत ना? मग जा. आज चुकवायचं नाही. मीच पाठवलं तिला."

"थँक्यू," मायाळू बाई म्हणाल्या. सगळ्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

आठवड्याभरात नकार आला. भाषा अगदी सभ्य होती. त्या संध्याकाळी लेन म्हणाले, "मी त्या दिवशी तिला हाकच मारायला नको होती. पडून राहायचं होतं दुपारपर्यंत."

"तुम्ही हाक मारलीच नव्हती, आजोबा," हेटी म्हणाली. "मला धपकन आवाज आला. मी पेन्सिलींना टोक काढत होते."

 पुढे जनीननं बसचा दुसरा मार्ग मागून घेतला, ज्यावर ती शाळा लागत नाही. लेन आता न्हाणीघरात जाताना दार उघडं ठेवतात, आणि हेटी बाहेर जिन्यावर बसून राहते. तिला तसं बसायला कोणी सांगत नाही.

ऑगस्टच्या शेवटी जनीन मला दुकानात परत द्यायला म्हणून खिळ्यावरून काढत होती. हेटी म्हणाली, "थांब, एकदा बघू दे." तिनं मला पहिल्यांदाच अंगात घातलं. खांदे खांद्यांवर बसले. बाह्या बरोबर मनगटाशी थांबल्या. मी आजवर कोणालाच इतका नीट बसलो नव्हतो.

हेटीनं बोटं बाह्यांच्या आत ओढून घेतली. त्यांची टोकं रिकामी लोंबली.

"बघ ना आई, केवढा मोठा होतोय मला. बसलाच नसता."

जनीननं तिच्या खांद्यांकडे पाहिलं.

"हो गं," ती म्हणाली. "मोठाच आहे."

हेटीनं मला काढलं, नीट घडी घातली. जनीन पिशवी उघडून उभी होती, पण लेन खुर्चीतून म्हणाले, "इकडे दे तो. माझे गुडघे गारठतात."

तेव्हापासून मी त्यांच्या गुडघ्यांवर असतो. माझ्यावर चहा सांडतो, माशाचा वास बसलाय, एक बटण गेलंय. हेटी दुपारी काळ्या स्वेटरमध्ये घरी येते, माझ्याकडे बघत नाही. लेन विचारतात, "शाळा कशी आहे?" ती म्हणते, "ठीक." रोज तेवढंच.

माझं एकच मागणं आहे. लेन गेले की मला धुऊ नका, इस्त्री करू नका, त्या दुकानात परत नेऊ नका. तिथं दारात कोणीतरी आई उभी असेल, आणि मी तिला फार आवडेन.