स्वयंपाकघरातून दिसणारी नदी

हेरन पॉइंटच्या रस्त्यावर चौदा घरं होती आणि चौदा धक्के. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणातून आठ-दहा पायऱ्या उतरलं की स्वतःचा धक्का, धक्क्याला बांधलेली स्वतःची होडी आणि पुढे नदी. ती तेवढी कोणाच्या मालकीची नव्हती, पण हे तिथे कोणी बोलून दाखवत नसे.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी स्थानिक कौन्सिलचा ट्रक आला. चार माणसांनी दुपारपर्यंत काठाच्या चिखलात खांब रोवले आणि त्यांवर एक फलक चढवला. सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. नोलीन प्रेवेट स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा मग घेऊन उभी होती. आधी नदीचा पलीकडचा काठ गेला, मग पाणी गेलं, मग तिचा स्वतःचा धक्काही गेला. उरली ती अक्षरं:

"इथल्या खारफुटीतल्या सतरा तिवरांना विष घालून मारण्यात आलं आहे. नवी झाडं या उंचीची होईपर्यंत हा फलक इथेच राहील. माहिती असल्यास कळवा."

खाली फोन नंबर होता. नोलीनने तो दोनदा वाचला आणि चहा प्यायली. चहा केव्हाच गार झाला होता. पण मार्चमध्ये तिचा नवरा रॉस गेल्यापासून तिला गार-गरम फारसं कळत नव्हतं. गेल्या आठवड्यात तव्याला बोट लागलं, ते तिला संध्याकाळी फोड आल्यावर कळलं होतं.

तासाभरात ग्रँट हॅलम आला. दोन घरं सोडून राहणारा, निवृत्त दंतवैद्य, रहिवासी समितीचा अध्यक्ष.

"बघितलंस? वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करतात ना, तसं उभं केलंय आपल्याला. जाणारी-येणारी प्रत्येक होडी आता इकडे बघून हसणार!"

"चहा घेणार?"

"नको. सही हवीय." त्याने एक कागद टेबलावर ठेवला. "गल्लीला फाटक आणि कुलूप. तेरा सह्या झाल्या. गल्ली तुझ्या कुंपणाला लागून आहे, त्यामुळे तुझ्या सहीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

नोलीनच्या घराशेजारून नदीकडे जाणारी ती दीड मीटर रुंदीची वाट जुन्या नकाशापासून सगळ्यांची होती. हायवेपलीकडे राहणारी, धक्का नसलेली माणसं तिथून पाण्यापर्यंत येत. खेकड्यांचे पिंजरे लावत, गळ टाकून बसत.

"झाडांचं काय?" तिने विचारलं.

"त्याच्याशीच संबंध आहे. तो बादलीवाला म्हातारा आहे ना, दोआन? तुझ्या शेजारच्या डेनीसने स्वतः पाहिलंय, त्याच्याजवळ तपकिरी बाटली असते. गळ फेकायला मोकळी जागा हवी होती त्याला. अर्जात तसं लिहिलंय. बाहेरची माणसं आत आली की असंच व्हायचं."

"ठेव तो. करते सही."

"शनिवारी माझ्याकडे बैठक आहे, सॉसेज भाजतोय. कागद घेऊन ये. बाकी मी बघतो." जाताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रॉस असता तर पहिली सही त्याची असती."

मार्चपासून नोलीनने समोर येईल त्या कागदावर सही केली होती. इस्पितळ, बँक, होडीची नोंदणी. या कागदावरही ती तिथल्या तिथे करणार होती, पण पेन चालेना. फ्रिजवरचं चालेना, ड्रॉवरमधलंही चालेना. पेनं आणि पेन्सिली रॉस मागच्या शेडमध्ये ठेवायचा. तो गेल्यापासून ती शेडमध्ये पाऊल ठेवत नव्हती.

शेडमध्ये सगळं जागच्या जागी होतं. रॉस नीटनेटका माणूस. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तो फळीच्या भिंतीवर पेन्सिलीने करायचा. धक्क्याचे बोल्ट बदलले, तारीख. होडीला रंग दिला, तारीख. पेन शोधता शोधता तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली.

"नोलीनची खिडकी. १७. दर ८ सेंमी. १२ फेब्रुवारी."

खालच्या फळीवर ड्रिल होतं. शेजारी सागवानी रंगाच्या पुट्टीचा डबा, मोठी पिचकारी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तणनाशकाची बाटली.

कौन्सिलचं पत्र जूनमध्येच घरोघर आलं होतं. खोडांना दहा मिलिमीटरची तिरपी भोकं, आठ-आठ सेंटिमीटर अंतरावर, वरून सागवानी पुट्टीने बुजवलेली. तिने ते तेव्हाच वाचलं होतं. आता आठवलं, आणि आठवूनही काही झालं नाही. फक्त जानेवारीतली एक सकाळ समोर उभी राहिली. ती भांडी विसळत होती, रॉस टोस्टला लोणी लावत होता. ती म्हणाली होती, "इथून पूर्वी धक्का दिसायचा." एवढंच. रॉस हसून म्हणाला होता, "झाडं वाढतात गं, आपल्यासारखी थांबत नाहीत."

त्याने ते मनावर घेतलं होतं. फेब्रुवारीत भोकं पाडली आणि नऊ मार्चला हृदय बंद पडून तो गेला. झाडं मात्र त्याच्यामागे सावकाश मरत राहिली. मेमध्ये पानं पिवळी पडली, जूनमध्ये गळाली. डेनीस एकदा कुंपणावरून म्हणालीसुद्धा होती, "काय सुरेख दिसायला लागलीय नदी!"

नोलीन शेडबाहेर आली आणि पाय नेतील तशी गल्लीने खाली गेली.

गल्लीच्या टोकाला, उलट्या बादलीवर मिस्टर दोआन बसले होते. पंचाहत्तरीचे, बारीक अंगाचे. व्हिएतनामहून येऊन चाळीस वर्षं झाली होती, त्यातली तीस कारखान्यात लेथ मशीनवर गेली. ओहोटी लागली की सायकलवरून इथे हजर.

"या, मिसेस नोलीन. मासे आज संपावर आहेत."

ती शेजारच्या दगडावर बसली. "लोक म्हणतात, झाडं तुम्ही मारली."

"ऐकलं मी. आमच्याकडे तपकिरी बाटली असते ना!" त्यांनी पिशवीतून बाटली काढून झाकण उघडलं आणि तिच्या नाकाशी धरली. "माशाचा सॉस. भातावर घालतो. याने झाड मरत नाही, फक्त शेजारी पळून जातात."

नोलीन हसली नाही, पण तिला वास आला. बऱ्याच दिवसांनी तिला कशाचा तरी वास आला होता.

"ते बघा." दोआननी गळाच्या काठीने चिखलाकडे दाखवलं. पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी हजारो मुळं वर आली होती. "झाडाचं नाक आहे ते, त्यातून ते श्वास घेतं. झाड मेलं तरी अजून वर्षभर तशीच दिसतील. मग कुजतील आणि चिखल सुटेल. इथल्या उन्हाळी पावसाचे दोन पूर आले की तुमच्या धक्क्याचे खांब वाकायला लागतील. माझं काय, माझा धक्का नाहीच. पण या मुळांमध्ये माशांची पिल्लं लपायची. ती कुठे जातील?"

ती म्हणाली, "ज्याने हे केलं, तो वाईट माणूस असेल?"

"छे! भोकं बघितलीत का तुम्ही? पट्टी लावून पाडलीत. तीस वर्षं लेथवर काम केलंय, मला हात ओळखता येतो. फार चांगला कारागीर आहे. घरावर, घरातल्या माणसावर जीव असलेला. अवघड तेच आहे. वाईट माणसाला सगळे अडवतात हो. चांगल्या माणसाला कोणी विचारत नाही, 'बाबा रे, काय करतोयस?'" त्यांनी दोरा गुंडाळायला घेतला. "सतरा झाडं. दोन दिवस तरी ड्रिल चाललं असेल. चौदा घरं. कोणालाच ऐकू आलं नाही?"

तिला आलं होतं. दोन दुपारी ती पलंगावर पुस्तक घेऊन पडली होती, आणि खालून घर्र घर्र असा आवाज येत होता. रॉस धक्क्याचं काहीतरी करत असेल, असं तिने मनात म्हटलं होतं. धक्क्याचं काम चार महिन्यांपूर्वी झालं होतं, हे तिला माहीत असूनही.

"शनिवारी गल्लीला कुलूप लावायचं ठरणार आहे," ती म्हणाली. "तुमचं नाव पुढे करून. तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की! पण मी सायकल काढीन आणि तीन किलोमीटरवरच्या सरकारी धक्क्यावर जाईन. तिथले मासेही संपावर असतील, एवढंच." त्यांनी बादली उचलली. "तुम्ही कुठे जाल, मिसेस नोलीन? तुम्हाला तर इथेच राहायचंय."

शनिवारी ग्रँटच्या घरामागच्या डेकवर वीसेक माणसं जमली होती. ग्रँट हातात चिमटा घेऊन शेगडीपाशी उभा होता. नोलीन कागद घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात एक पिशवी.

"आली बघा चौदावी सही!" ग्रँट म्हणाला.

नोलीनने पिशवीतून पुट्टीचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्याशेजारी ड्रिलचं बिट. मग तापमापकावरचा आकडा वाचावा तशा सपाट आवाजात ती म्हणाली, "झाडं रॉसने मारली. शेडच्या भिंतीवर त्याने लिहून ठेवलंय. मिस्टर दोआनचा काही संबंध नाही."



"आपला रॉस?" डेनीस ओरडली. "अगं, काहीतरीच काय!"

ग्रँट चिमटा ठेवून तिच्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "नोलीन, तू अजून सावरलेली नाहीस. डबा पिशवीत टाक. रॉस गेला बिचारा, त्याचं नाव कशाला खराब करतेस? सगळे त्याला किती मानायचे!"

"म्हणून ते जिवंत माणसाच्या माथी मारायचं?"

"अगं, त्या म्हाताऱ्याचं काय बिघडतंय? कोण ओळखतं त्याला?"

"मी ओळखते!" नोलीन म्हणाली. चढलेला आवाज तिचा तिलाच नवा होता. "आणि तुला माहीत नव्हतं, ग्रँट? दोन दिवस ड्रिल चालू होतं! मला ऐकू आलं. मी त्याची बायको, उठून खिडकीपर्यंत गेले नाही. तुला ऐकू आलं नाही? चौदा घरांत एकालाही आलं नाही?"

सगळे आपापल्या ताटलीकडे बघत होते. मग डेनीस खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "मला आलं होतं. मी रॉसला पाण्यात उतरलेलंही पाहिलं होतं." ती थांबली. "मग पानं गळली आणि आमच्या ओसरीवरूनही नदी दिसायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे. बाटलीचं मात्र सांगत सुटले."

"आम्हालाही आलं होतं," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. आणखी एकाने मान हलवली.

"सॉसेज करपतायत," ग्रँट म्हणाला आणि शेगडीकडे वळला. अर्जाचा कागद त्याने घडी करून खिशात घातला. पुन्हा तो कधी बाहेर आला नाही.

सोमवारी नोलीनने फलकावरचा नंबर फिरवला. कौन्सिलची माणसं आली, शेडच्या भिंतीचा फोटो काढून गेली. फलक काही हलला नाही. नियम तो नियम, झाडं वाढेपर्यंत तो राहणारच होता. रॉस ज्या होडी-क्लबचा सभासद होता, त्या क्लबने भिंतीवरची त्याची तसबीर उतरवली. ती एका पिशवीत घालून कोणीतरी नोलीनच्या दाराशी ठेवून गेलं. तिने ती स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी लावली. माणूस तोच होता, आणि तिचाच होता.

सप्टेंबरच्या शेवटी, परवानगी काढून, एका मोठ्या ओहोटीला नवी लागवड झाली. नऊ घरांतली माणसं आली. ग्रँट आला नाही, रोपांना आधार द्यायच्या काठ्या मात्र त्याच्या अंगणातून आल्या. मिस्टर दोआन बादलीभर तिवराच्या बिया घेऊन आले होते. हिरव्या, शेंगदाण्याच्या दुप्पट, झाडावरच मोड आलेल्या.

"मोड खाली, मोड खाली!" ते डेनीसवर ओरडत होते. "उलटं लावलंत तर झाड पाताळात निघेल. मग तिथे फलक लावावा लागेल!"

वाचकहो, नदीकाठी आपलं घर असो वा नसो, प्रत्येकाची एक खिडकी असते, आणि त्या खिडकीसाठी कोणीतरी कुठेतरी भोक पाडत असतं. बहुधा तो आपलाच माणूस असतो, चांगला असतो, आणि आपल्याच सुखासाठी ते करत असतो. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. त्याच वेळी उठून "काय करतोयस?" एवढं विचारणं, हेच नागरिक म्हणून आपलं पहिलं काम आहे. ते टाळलं की एक दिवस खापर फोडायला आपण परक्याचं डोकं शोधू लागतो. काठावर घर बांधता येतं, धक्का बांधता येतो. काठ सगळ्यांचाच असतो.

नोलीनने बूट काढले आणि मूठभर बिया घेऊन ती चिखलात उतरली. पोटरीपर्यंत आत गेली आणि एकदम थांबली.

"काय झालं?" दोआननी विचारलं. "खेकडा?"

"नाही," ती म्हणाली. "गार आहे. फार गार आहे."

आणि तिथेच उभी राहून, मार्चपासून पहिल्यांदा, ती रडू लागली.