लोखंडावरचं तांबं

पोलीस ॲक्शन होऊन दोन-अडीच महिने लोटले होते, तरी हैदराबादचं कॉलेज कधी उघडणार हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला तुळजाराम तेव्हापासून हुमनाबादकडच्या दुबलगुंडीच्या अलीकडच्या आपल्या वाडीत येऊन बसला होता. बाप नागप्पा मेंढरं राखायचा. वाडीतल्या धनगरांत मॅट्रिकच्या पुढं गेलेला हा पहिलाच पोरगा. त्याचा विषय रसायनशास्त्र, आणि ते तो सगळं उर्दूतून शिकला होता. आम्लाला, क्षाराला, द्रावणाला मराठीत काय म्हणतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता राज्य बदललं होतं, आणि पुढची परीक्षा कोणत्या भाषेत होणार याचाही पत्ता नव्हता.

तो मेंढवाड्याच्या कुडाला टेकून वाचत बसे. नागप्पा येता-जाता म्हणे, "त्ये पुस्तक घोंगड्याखाली ठिव बाबा. उर्दू अक्षर बगितलं की पोरं चिडायलीत."

तुळशीचं लग्न झालं आणि श्रीपतरावांच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं. श्रीपतराव वाडीतले मोठे शेतकरी. नागप्पाची मेंढरं वर्षानुवर्षं त्यांच्याच रानात बसायची. रानाला खत मिळे, नागप्पाला दाणे. तुळजारामला हैदराबादच्या बोर्डिंगात जागा मिळाली तीही श्रीपतरावांनी हुमनाबादच्या एका वकिलाकडं शब्द टाकला म्हणून. लग्नात अख्खी वाडी जेवली. भात, पुरणाची पोळी, आणि आदल्या सांजेलाच करून ठेवलेली चिंचेची कटाची आमटी.

पंगत उठून फार वेळ झाला नव्हता तोच माणसं ओकायला लागली. मांडवाच्या कडेला, बांधावर, विहिरीपाशी, जो तो पोट धरून वाकलेला. तुळजाराम आणि त्याची आई म्हाळसाबाई दोघंही सांजेपर्यंत घरात आडवी होती. बहुतेक लोक सावरले. हरिबाची पद्मी मात्र सावरली नाही. सहा वर्षांची पोर. आमटी तिला आवडली म्हणून तिनं तीनदा मागून घेतली होती. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती गेली.

तिला माती देऊन माणसं परतली ती गप्प नव्हती. लग्नाच्या आधी मदारसाब कल्हईवाला श्रीपतरावांच्या भांड्यांपाशी बसला होता, हे कुणाला तरी आठवलं. मग ते सगळ्यांनाच आठवलं, आणि त्यानंच भांड्याला विषाची भुकटी फासली असं ठरलं. पावसाळ्यात रझाकारांनी पलीकडच्या गावात दोन घरं जाळली होती. त्याचा सूड मनात ठेवून बसलेली पोरं होती, आणि आता त्यांना माणूस सापडला. मदारसाबला त्याच्या भात्यावरून ओढत आणून श्रीपतरावांच्या गोठ्यात कोंडलं. काही म्हणत, हुमनाबादच्या लष्करी छावणीत नेऊन द्या. काही म्हणत, छावणीपर्यंत कशाला न्यायचा.  पद्मीचा बाप हरिबा हातात काठी घेऊन गोठ्यासमोर बसून राहिला.

श्रीपतरावांनी तुळजारामला बोलावणं पाठवलं. ते ओसरीवर एकटेच बसले होते. दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता.

"आमटीचं भांडं तसंच ठिवलंय," ते म्हणाले. "कुणाला हात लावू दिला न्हाई. तू ह्याच इषयाचं शिकायलास न्हवं? भांडं बग आन् चार माणसांत सांग, इख हाय म्हणून."

"बगून सांगतो अण्णा. पर आदी मदारसाबला भेटू द्या."

"त्येला कामून?"

"त्यानं काय फासलं त्ये कळाल्याबिगर कसं सांगावं?"

 नाही म्हणायला श्रीपतरावांना कारण सुचलं नसावं. त्यांनी गोठ्याच्या दारावर बसवलेल्या आपल्या गड्याला, गुरप्पाला, मानेनं खूण केली.

मदारसाब गव्हाणीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून मिटला होता. तुळजारामला बघून तो आधी अंग चोरून घेऊ लागला, मग ओळख पटली. लहानपणी तुळजाराम त्याच्या भात्यापाशी तासन्‌तास उभा राहायचा. नवसागराचा पांढरा धूर, चटकन पसरणारी कल्हई, काळ्या भांड्यात एकदम उजाडल्यासारखं व्हायचं. हे असं का होतं, हा त्याच्या डोक्यात आलेला पहिला प्रश्न तिथलाच होता.

"चाचा, भांड्याला काय केलंत? खरं सांगा."

"कथील थाच नै बाबा," मदारसाब पुटपुटला. "लढाईपासनं कथील मिळतंय कुठं? व्हतं तेवढं भाताच्या भांड्याला लावलं. मोठं भांडं नुसतं चिंच-राखेनं घासून दिलं. मैं अण्णा को बोल्या, इसमें खट्टा मत रखो. भात शिजवा, पाणी तापवा, खट्टा नको. हौ बोले."

"मग ह्ये तुमी लोकांना कामून सांगितलं न्हाई?"

मदारसाबनं आपल्या उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं. "त्यांच्या गोठ्यात बसून त्यांचं नाव घेऊ?"

तुळजाराम बाहेर आला. तांबं आणि आंबट, रात्रभर. मेंढवाड्यात बसून गेले आठ दिवस तो जे पाठ करत होता त्यातलंच हे पान. पण पान पाठ असणं वेगळं आणि वाडा भरून उभ्या असलेल्या माणसांसमोर ते बोलून दाखवणं वेगळं. आणि बोलायचं कुणाविरुद्ध? ज्यांच्या शब्दावर बोर्डिंगचं दार उघडलं त्यांच्या. त्याच्या मनात आलं, "इख हाय" एवढंच सांगावं. ते खोटंही नव्हतं. तेवढं सांगून तो घरी जाऊ शकला असता. गोठ्यात पुढं काय व्हायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत झालं नसतं.

तरी त्यानं अंगणात दोन विळे मागवले. राखेनं आणि चिंध्यांनी पाती पांढरी लख्ख होईस्तोवर घासली. मग आईला निरोप पाठवला, घरी मातीच्या गाडग्यात केलेली चिंचेची आमटी घेऊन ये. म्हाळसाबाई गाडगं पदराखाली धरून आली आणि भिंतीशी उभी राहिली. नागप्पाही आला होता, घोंगडी खांद्यावर, सगळ्यांच्या मागं.

"ह्ये एक पातं लग्नाच्या आमटीत," तुळजाराम म्हणाला. "आन् ह्ये दुसरं आमच्या घरच्या आमटीत. दोन्ही आंबट. दोन्हीत चिंच वाडीतलीच."

"दुसरं कशाला?" कुणीतरी विचारलं.

"न्हाईतर तुमी म्हणाल, चिंचेनंच झालं."

पाती बुडवून सगळे थांबले. बराच वेळ काही झालं नाही. तुळजाराम मनात सगळ्या चुका मोजत बसला. वरचा तेलाचा तवंग पात्याला चिकटला असेल. तांबं पुरेसं उतरलं नसेल. प्रयोगशाळेत निळंशार पाणी असतं, इथं काळपट आमटी. आणि एका कोपऱ्यात त्याला असंही वाटत होतं की काहीच होऊ नये. झालं नाही तर मला कळलं नाही म्हणता येईल.

त्यानं पहिला विळा काढून पाण्यात विसळला आणि उन्हात धरला. बुडलेल्या पात्यावर तांबूस लाल थर चढला होता. दुसरा काढला, तो काळवंडला होता पण लाल नव्हता.

माणसं पुढं सरकली. विळा हातोहात फिरला. तुळजाराम सांगू लागला, "महलूल मधे तांबा," आणि थबकला. मागून एक पोरगा म्हणाला, "बगा, रझाकाराची बोली बोलायलाय." महलूलला, म्हणजे द्रावणाला, मराठी शब्द त्याला सापडेना. डोळ्यांसमोर पुस्तकातली ओळ स्वच्छ दिसत होती आणि ती या अंगणात उच्चारता येत नव्हती.

"भांड्याचं तांबं आमटीत उतरलंय," शेवटी तो म्हणाला. "त्येच लोखंडावर चढलं. भुकटी टाकायला कुणी लागत न्हाई. आंबटात तांबं रातभर राहिलं की त्येच इख व्हतंय. घरात बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतंय, तसंच. हितं लई झालं."

हरिबा उठला.  "कळकतंय त्ये मला बी ठाव हाय. पर कल्हई केली व्हती न्हवं?"

"माझ्यासमोर केली," श्रीपतराव ओसरीवरून म्हणाले. "समद्या भांड्यांना."

 तुळजारामनं त्यांच्याकडं न बघताच हरिबाला म्हटलं, "काका, जरा हात लावा." दोघांनी भांडं कलतं करून उरलेली आमटी उकिरड्यावर ओतली. बूड उन्हात आलं. तिथं पांढऱ्याचा ठिपका नव्हता. नुसतं लाल, आणि आमटीची रेघ होती तिथं हिरवट कड. भाताचं भांडं शेजारी पडलं होतं. ते आतून अजून चांदीसारखं पांढरं होतं. हरिबानं एकात हात फिरवला, मग दुसऱ्यात.

श्रीपतराव पायरीवर खाली बसले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा आला. "कथीलच मिळंना. लगीन थांबवायचं व्हतं का? ह्यात आंबट नको म्हणून बायकांना सांगायला गेलो आन् पाव्हणे आले. राहून गेलं. जाणून न्हाई केलं हरिबा."

"जाणून न्हाई केलं," हरिबा म्हणाला. "मग दोन दिस ह्येला कामून कोंडून ठिवलाव?"

 हरिबानंच जाऊन गोठ्याची कडी काढली. मदारसाबकडं त्यानं नीट पाहिलंही नाही. दार उघडून काठी तिथंच टाकून तो घराकडं चालता झाला. माणसं हळूहळू पांगली. जाताना दोघं-तिघं म्हणत होते, विळा लाल झाला म्हणून काय, मदारसाबनंही काहीतरी टाकलंच असेल.

मदारसाबनं भाता, सांडशी आणि बायकापोरं घेऊन गाव सोडलं. कलबुर्गीकडं त्याची बहीण होती, तिकडं गेला म्हणतात. तुळजाराम त्याला वाटेत गाठायला धावला होता. मदारसाब त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "आज तू हाय. उद्या तू हैदराबादला जाशील." आणि तो थांबला नाही.

श्रीपतरावांना कुणी काही केलं नाही. त्यांच्याशी वाकडं घेणं वाडीत कुणाला परवडणारं नव्हतं. तुळजारामशीही ते वाईट बोलले नाहीत. फक्त गुरप्पाकडून निरोप आला की यंदा रानात मेंढरं बसवायची नाहीत. मग शेजारच्या रानवाल्यांनीही तेच सांगितलं. नागप्पानं निरोप ऐकून घेतला आणि मेंढरांच्या अंगावरून हात फिरवत राहिला. पोराला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानं दोष दिला असता तर तुळजारामला बरं वाटलं असतं. कोहिनूर गावाकडं पाणी आहे, तिकडं बघू, एवढंच तो म्हाळसाबाईला म्हणाला.

बिऱ्हाड हलायच्या आधी एका दुपारी हरिबा मेंढवाड्यावर आला. तुळजाराम पुस्तक उघडून बसला होता, पण वाचत नव्हता. हरिबा कोकरांपाशी बसला.

"एक इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "पद्मी ओकायला लागली तवा आमी तिला नुसतं हळदीचं पाणी पाजलं. दुसरं कायतरी दिलं आसतं तर ऱ्हायली आसती का?"

 निळ्या थोथ्याची, म्हणजे तांब्यापासूनच्या मोरचुदाची, भुकटी चुकून पोटात गेली तर काय करावं, हे त्याच्या पुस्तकात प्रयोगाच्या पानाखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. दूध पाजावं, भरपूर. अंड्यातला पांढरा भाग द्यावा. मेंढवाड्यात त्या दिवशी दूध होतं. कोंबड्या तर हरिबाच्या दारातच होत्या. आणि तो स्वतः आपल्या घरात पोट धरून पडला होता, आणि ते पान त्याला आठवलंच नव्हतं.

हरिबा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"न्हाई काका," तुळजाराम म्हणाला. "कशानंच उपेग झाला नसता. लई उतरलं व्हतं."

हरिबानं मान हलवली. "व्हय, मला बी वाटलंच," तो म्हणाला. जाताना त्याची पाठ थोडी सैल झाल्यासारखी वाटली. तुळजारामनं पुस्तक मिटलं ते त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. सगळ्या वाडीसमोर त्यानं खरं सांगितलं होतं, आणि हे एका माणसाला सांगता आलं नाही. यातलं बरोबर काय, हे त्याला पुढंही कधी ठरवता आलं नाही.

पौषात कॉलेज उघडल्याची बातमी हुमनाबादच्या वकिलाकडून आली. परीक्षा यंदापुरती उर्दूतच होणार होती. तो निघाला त्याच सकाळी बिऱ्हाडही निघालं. गाढवांवर भांडीकुंडी, पुढं मेंढरं, नागप्पा केव्हाच रस्त्याला लागलेला. म्हाळसाबाईनं तुळजारामच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

"परीक्षा झाली की येतो आई."

"ये," ती म्हणाली. "पर हितं येऊ नको. आमी कुठं आसू, मलाच ठाव न्हाई. वाटंत धनगर भेटतील, त्यांना इचारत ये."

ती वळून मेंढरांमागं चालू लागली. तुळजाराम हुमनाबादच्या वाटेनं निघाला. पायाखालची धूळ थंड होती, आणि श्रीपतरावांच्या रानात त्या वर्षी कुणाचीच मेंढरं बसली नव्हती.