बर्थाबाईचा सांधा

मी नव्वद फूट फिल्म बोलतेय. पडद्यावर माझं आयुष्य जेमतेम दीड मिनिटाचं. पण त्या दीड मिनिटानं हॉलीवूडमधल्या एका बड्या नटाची झोप उडवली होती, म्हणून मी मान ताठ ठेवूनच सांगणार.

मूकपटांचे दिवस होते. डेल्मर फेअरली हा देखणा नट एका विनोदी चित्रपटात स्वतःवरच भाळलेल्या नटाचं काम करत होता. नायिका तळ्यात बुडतेय आणि यानं उडी मारून तिला वाचवायचं, असा प्रसंग. उडीआधी डेल्मरनं पाण्यात आपलं प्रतिबिंब बघून भांग सारखा केला. मग डावा गाल कॅमेऱ्याकडे येईल असा वळला. तोवर ती बिचारी दोनदा खाली जाऊन वर आली. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं आणि तो अभिनयही करत नव्हता. जे घडलं ते माझ्यावर उमटलं.

तिथली रीत अशी की चित्रपट आधी जवळच्या लहान गावात, गाजावाजा न करता दाखवायचा आणि लोक कुठे हसतात ते बघायचं. संत्र्यांच्या बागांमधल्या एका गावात मी पडद्यावर आले आणि लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. शेवटच्या रांगेत बसलेला डेल्मर मात्र हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओच्या मालकांना घेऊन कापाकापीच्या खोलीत आला. तिथं बर्था लिंडक्विस्ट काम करायची. हातात पांढरे मोजे, गळ्यात कात्री, बारा वर्षांची नोकरी.

"ते तळ्याचं काढून टाका," डेल्मर म्हणाला.

"अहो, लोक तिथंच तर हसले," बर्थाबाई म्हणाली.

"मला हसले ते."

"मग विनोदी चित्रपट घेतलात कशाला?"

"त्या नटाला हसावं म्हणून. तो नट म्हणजे मी नव्हे, बाई."

बर्थाबाईनं मालकांकडे पाहिलं. मालक सिगार न्याहाळत होते. "काप," ते म्हणाले. "आणि तुकडा पिंपात टाक. तो पुन्हा दिसला, तर तू इथं दिसायची नाहीस."

टाकाऊ फिल्म त्या पिंपात विरघळवून तिच्यातली चांदी काढायचे. खरं बोलल्याची ही शिक्षा? मला भयंकर संताप आला. पण बर्थाबाईनं मला गुंडाळलं आणि आपल्या जेवणाच्या डब्यात, पावाखाली दडवलं. पुढच्या गावी माझ्याविना चित्रपट दाखवला. माझी जागा आली तेव्हा लोक खोकत बसले.

शहरातल्या पहिल्या खेळाच्या सकाळी तिनं डबा उघडला. माझी कड खरवडली, डिंक लावला आणि चित्रपटात माझ्या जुन्या जागी मला दाबून धरलं. घाईत सांधा किंचित वाकडा बसला.

"बारा वर्षं यांचे चेहरे सांभाळले," ती पुटपुटली. "एक हसू माझ्या मर्जीचं असू दे."

त्या संध्याकाळी थिएटर हादरलं. डेल्मर रागानं उठून उभा राहिला. लोकांना वाटलं, मानवंदना घ्यायला उठलाय. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो क्षणभर गोंधळला, मग डावा गाल पुढे करून लवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रात त्याची मुलाखत होती: 'तळ्याची कल्पना माझीच.' त्याच दुपारी बर्थाबाईची कात्री काढून घेतली. मालकांनी शब्द पाळला. श्रेयनामावलीत तिचं नाव आधीही नव्हतं, नंतरही आलं नाही.

आता त्या चित्रपटाची, मी जिच्यात आहे ती एकच प्रत उरली आहे. मी आक्रसले आहे, माझ्यावर ओरखडे आहेत. एका थंड तळघरात लोक मला जपतात आणि कधीमधी पडद्यावर आणतात. तळ्यापाशी चित्र जरासं उडी मारतं. परवा एक हुशार गृहस्थ म्हणाले, "हा वाकडा सांधा काढून नीट बसवू या."

त्या सांध्याला हात तर लावून बघा! डाग पुसा, धूळ झाडा, पण ती उडी राहू द्या. सगळ्या चित्रपटात बर्थाबाईची सही तेवढीच आहे. आणि विसरू नका, मी जुन्या जातीची फिल्म आहे. ठिणगी पडली तर भडकते.