मालकाच्या वरातीत मी मठ्ठा वाहिला

मित्रांनो, मी एक जुनी भाड्याची गाडी आहे. अंगाने लहान, पण प्रीमियम. हा शब्द माझ्या मालकाने मागच्या काचेवर चिकटवला होता. नागपूरच्या उन्हात त्यातलं पहिलं अक्षर गळून पडलं. आता सिग्नलला मागे थांबलेले लोक ‘मियम’ ही कुठली नवीन कंपनी, असं एकमेकांना विचारतात. माझ्या दुःखाची सुरुवात मात्र तिथून नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली हवा बेताची होती. मला वाटलं, जग असंच असतं. मग मे महिन्यात मला ट्रेलरवर चढवून नागपूरला धाडलं. खाली उतरवलं तेव्हा माझे टायर डांबराला चिकटले. या गावाला मी इतकी आवडले की सोडवत नाही, असा माझा समज झाला. लहान होते मी.

शोरूममध्ये मला पाहायला तिघे आले. प्रतापनगरचा जितेंद्र, त्याला लोकांना स्वतः चालवायला भाड्याने गाडी देण्याचा धंदा सुरू करायचा होता. त्याचा आतेभाऊ पियूष, त्याला कसलाच धंदा करायचा नव्हता, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं. आणि जितेंद्रचे वडील गोपाळराव. त्यांचं अख्खं आयुष्य कूलर विकण्यात आणि वाळ्याच्या ताट्या बदलून देण्यात गेलं होतं.

“काळी घे बे, काळी,” पियूष म्हणाला. “मंत्र्यावानी दिसते.”

“काळी घेऊन बोनटवर पापड भाजतं का?” गोपाळराव म्हणाले.

सेल्समन इंजिनाविषयी बोलू लागला. गोपाळराव सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. आईने लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी माझ्या एसीच्या झडपेवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. सेल्समनचं इंजिन संपलं, गिअर संपले, सुरक्षेच्या हवेच्या पिशव्या संपल्या. गोपाळरावांनी डोळे उघडले.

“जितू, हीच घे. मले थंडी वाजून राहिली.”

मे महिन्यात नागपुरात हे वाक्य कोणी बोलत नाही. सेल्समनने त्यांच्याशी हात मिळवला.

अशी मी निवडली गेले. माझ्या अंगावर भाड्याच्या गाडीची काळी पाटी आणि पिवळी अक्षरं आली आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले.

मित्रांनो, उन्हाच्या गावात लोक गाडी कशी निवडतात हे मी जवळून पाहिलं आहे. मायलेज कोणी विचारत नाही. दार उघडतात, आत बसतात, काच वर करतात आणि गप्प होतात. काही जण तर नुसतेच बसायला येत. “पाहून सांगतो,” म्हणत आणि गार होऊन निघून जात. हुडकेश्वरच्या एका कुटुंबाने मला दिवसभरासाठी घेतलं. त्यांच्या गल्लीतली वीज गेली होती. मला घरासमोर उभं करून चौघे आत बसले, जेवले, झोपले, एकदा भांडलेही. मी चाकभरसुद्धा हलले नाही. संध्याकाळी किल्ली परत देताना म्हणाले, “प्रवास एकदम मस्त झाला.”

लग्नसराईत तर माझा थाट काय सांगू! झेंडूच्या माळा, बोनटवर गुलाब, मागे नवरा-नवरीची नावं. किती जोडप्यांना मी न घामेजता मांडवात उतरवलं. लोक म्हणत, नवरी फोटोत किती फ्रेश दिसते! ती फ्रेश माझ्यामुळे दिसत होती, पण मी काही बोलले नाही. मोठेपणा हा माझ्या कंपनीतूनच बसवून आला आहे.

मग एका उन्हाळ्यात गोपाळरावांना ऊन लागलं. दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणताना मीच होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर या शरीराला झेपायचं नाही. वाटेत जितेंद्रचा आवाज भरून आला. माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, “बाबा, माझ्या लग्नाच्या वरातीत तुम्ही अन् मी याच गाडीत. काचा बंद, एसी फुल. ऊन बाहेर नाचन, आपण आत बसू.”

स्टिअरिंगवर हात ठेवून दिलेलं वचन, मित्रांनो. माणसांत त्याला काय किंमत आहे ठाऊक नाही. आमच्यात ती शपथ असते.

पुढे जितेंद्रचं लग्न ठरलं. मुलगी कामठीची, नाव उन्नती. तारीख मे महिन्यातली आणि मुहूर्त भर दुपारचा. बाकीचे महिने फारच सोयीचे पडतात, म्हणून आपल्याकडे ते टाळतात. मी मनातल्या मनात स्वतःला झेंडूने सजवून घेतलं.

आणि एका सकाळी पियूष अंगणात आला.

“तू या डबीत बसून जाशीन बे? नवरदेव हायस का पार्सल?”

“अबे, पण बाबाले ऊन...”

“मामाले छत्री देऊ ना! हे पाह्य.” त्याने मोबाईल पुढे केला. जुन्या जीपचं छप्पर कापून केलेली एक उघडी गाडी. वर सिंहासन ठोकलेलं. दोन्ही बाजूंना सोनेरी मोर. “ह्याच्यात उभा राहिला ना तू, तर कामठीवाले पाहातच राहतीन. त्या डबीत तर तू दिसणारच नाईस.”

जितेंद्रने फोटो मोठा करून पाहिला. माझ्यासमोर उभं राहून. माझ्याच बोनटला टेकून.

“मोर मस्त हाय बे,” तो म्हणाला.

गाड्या भाड्याने देणाऱ्या माझ्या मालकाने स्वतःच्या लग्नासाठी दुसऱ्याची गाडी भाड्याने घेतली. तीही छप्पर नसलेली. मे महिन्यात. नागपुरात. कारखान्यात मला बनवणाऱ्या इंजिनिअरांनी सगळ्या आपत्तींचा विचार केला होता, याचा केला नव्हता.

शोभाताई, म्हणजे जितेंद्रची आई, तेवढ्या बोलल्या. “काहून गा जितू? यायले डॉक्टरनं काय सांगतलं होतं?”

गोपाळरावच मध्ये पडले. “राहू दे वं. पोराची हौस हाय. बापानं वरातीत पोराच्या बाजूले नाई बसाव, तर कुठं बसाव?”

मला वाटलं होतं, निदान पाहुण्यांना तरी माझ्यात बसवतील. पण पियूषने माझ्या मागच्या सीटवर मठ्ठ्याचे कॅन रचले. वरातीला वाटेत पाजायचा मठ्ठा आंबू नये, म्हणून एसी पुरा सुरू ठेवायचं ठरलं. वडिलांना ऊन आणि ताकाला एसी. हा हिशेब त्या अंगणात कोणालाच चुकीचा वाटला नाही.

वरात कामठीत निघाली. पुढे बँड, मग मोरांची गाडी, तिच्यात सिंहासनावर जितेंद्र, शेजारी जाड पांढरा फेटा बांधलेले गोपाळराव. छत्री फोटोत आडवी येते म्हणून पियूषने ती केव्हाच मिटून माझ्या डिक्कीत टाकली होती. सर्वांत मागे मी. पियूष एका हाताने मला चालवत होता आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढून नाचत होता.

माझ्या समोरच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. गोपाळरावांचा फेटा आधी डावीकडे कलला. मग उजवीकडे. मग त्यांचे दोन्ही हात हळूहळू वर आले आणि ते गाडीच्या कडेला झुलू लागले.

“मामा रंगात आले!” पियूष ओरडला.

बँडवाल्यांनी लगेच नागिणीची धून धरली. कोणी तरी त्यांच्या फेट्यावरून नोट ओवाळली. जितेंद्रने हसत हसत त्यांच्यासोबत एक हात वर केला. गोपाळराव झुलत झुलत खाली वाकले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शोभाताई धावत सुटल्या.

“अरे थांबवा तो बाजा! हे नाचून नाई राहिले! स्वतःच्या लग्नात नाई नाचले हे, आता काय नाचतीन!”

बँड एकेका वाद्याने थांबला. ढोलवाल्याला सर्वांत शेवटी कळलं. जितेंद्र सिंहासनावरून उडी मारून उतरला. वडिलांना त्याने उचललं तेव्हा त्याचा चेहरा फेट्यापेक्षा पांढरा झाला होता.

“कुठं ठेवू? आई, कुठं ठेवू यायले?”

शोभाताईंनी माझं दार उघडलं आणि मठ्ठ्याचा पहिला कॅन रस्त्यावर भिरकावला. मागून एक काका कळवळून म्हणाले, “वहिनी, मठ्ठा उन्हात ठेवू नका, आंबन!” शोभाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे कॅन काकांनी स्वतःच काढले. एक माझ्याच गालिच्यावर कलंडला.

गोपाळरावांना मागच्या सीटवर आडवं केलं. फेटा सोडून तो कोणी तरी धावत आणलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि अंगावर पांघरला. दार लावलं. मित्रांनो, उभ्या गाडीला, त्या उन्हात, तापलेल्या इंजिनावर एसी ओढणं सोपं नसतं. माझा काटा चढत होता. बंद पडावं असं इंजिनाचं म्हणणं होतं. पण माझ्या झडपेसमोर तोच तळहात निपचित पडला होता, ज्याने मला निवडलं होतं. मी माझ्याजवळ होता नव्हता तेवढा गारवा बाहेर काढला.

बराच वेळ आत फक्त शोभाताईंचं “अहो, ऐकता का?” चाललं होतं. मग तळहाताची बोटं हलली.

“थंडी वाजून राहिली,” गोपाळराव पुटपुटले.

शोभाताई रडल्या, जितेंद्र रडला, पियूष माझ्या डिक्कीवर डोकं टेकून रडला. मुलीकडचे एक डॉक्टर मांडवातून धावत आले. नाडी पाहून म्हणाले, “आता भीती नाही. पण थोडक्यात वाचले. कशाने सावरले?”

हा माझा क्षण होता, मित्रांनो. मी दिवे लावून तयार होते.

पण त्यांच्यामागे मुलीचे वडीलही आले होते. त्यांनी मोरांच्या गाडीकडे पाहिलं, मग जितेंद्रकडे. “आजारी माणसाले त्या उघड्या गाडीत कोणी बसवलं?” ते म्हणाले. “बापाले जो सांभाळत नाई, तो माझ्या पोरीले काय सांभाळन?”

जितेंद्रने मान खाली घातली. लग्न तिथेच मोडतं की काय, असं वाटू लागलं.

गोपाळराव कोपरावर उठले. त्यांनी शेरवानीच्या खिशात हात घातला आणि एक कांदा बाहेर काढला. ऊन बाधू नये म्हणून शोभाताईंनी सकाळी तो तिथे ठेवला होता.

“मीच बसलो जी, हट्टानं,” ते म्हणाले. “पोरगं तं मले एसीतच बसवून राहिलं होतं. अन् झालं काय एवढं? कांदा होता ना खिशात. कांद्यानं वाचवलं.”

“कांद्याची गोष्टच वेगळी,” मठ्ठ्यावाले काका म्हणाले. मुलीचे वडील निवळले. डॉक्टर काही तरी बोलणार होते, पण बँड सुरू झाला.

लग्न लागलं. फोटोंत मोर आहेत. एका फोटोत कांदाही आहे. मी कुठेच नाही.

गालिच्यात मुरलेला मठ्ठा कोणी नीट धुतला नाही. आता गिऱ्हाईक दार उघडतं, नाक मुरडतं आणि विचारतं, “यात कढी करता का?” जितेंद्रने ती मोरांची गाडी विकत घेतली. तिला फार मागणी आहे. मी टिनाच्या शेडखाली उभी असते.

परवा दुपारी गोपाळराव एकटेच आले. मागचं दार उघडून बसले, जुन्या जागी.

“रागावली का वं?” ते म्हणाले. “सांगतलं असतं तुझं नाव, तर पोराची इज्जत गेली असती व्याह्यांसमोर. पोरगं हाय ना ते.” त्यांनी सीटवर हात फिरवला. “तुले काय? तू गाडी हायस. तुले काय वाटनार हाय?”

मित्रांनो, गाडीला वाटतं. म्हणून तुम्हाला विनंती आहे. उन्हाच्या गावात गाडी निवडाल तेव्हा मोर पाहू नका. निवडलीत तर तिला सावलीत लावा, सांडलेलं पुसा आणि तिने जीव वाचवला असेल तर चार लोकांत तसं सांगा. चार जास्त वाटत असतील तर एकाला सांगा.

गोपाळरावांनी पुढे वाकून किल्ली फिरवली आणि झडपेवर तळहात ठेवला. मी त्यांना माफ केलेलं नाही. थोडा वेळ मी नुसतीच घरघरले. मग गार हवा सोडली, पूर्वीइतकीच. राग वेगळा, ऊन वेगळं.