डाव्या कोपराजवळची जाळी

ती लोकर हिरवी होती, असं मला आठवतं. पण खात्रीनं सांगवत नाही. माझ्यापर्यंत जे जे येतं ते थोड्याच दिवसांत धुळीत मिसळून राखाडी होतं, आणि मग त्याचा मूळ रंग कोणता होता हे माझं मलाच कळेनासं होतं. तेव्हा माझी साक्ष जरा जपूनच घ्या.

मी एक जाळी आहे. हायब्रीड गाडीच्या मागच्या सीटच्या डाव्या कडेला, बसणाऱ्याच्या कोपरापाशी मला बसवलेलं आहे. काळी, प्लॅस्टिकची, हाताच्या पंजाएवढी. सीटच्या मागे मोठी बॅटरी असते. पेट्रोलच्या जोडीनं गाडी ओढता ओढता ती तापते. तिला गार ठेवणारा पंखा गाडीतली हवा माझ्यातून आत खेचतो. माझं काम एवढंच, हवा आत घेणं. तिच्याबरोबर जे आलं, ते माझ्यापाशीच राहिलं.

माझा जन्म साच्यातला. एका दिवसात माझ्यासारख्या हजारो निघाल्या असतील, त्यामुळे त्याबद्दल अभिमानानं सांगावं असं काही नाही. गाडी घेतली ती एका निवृत्त प्राध्यापकांनी. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेलं, म्हणून कुठलीच गोष्ट शंभर टक्के खरी मानायची सवय नाही. गाडीचं माहितीपुस्तक त्यांनी दोनदा वाचलं आणि समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली. माझा उल्लेख ज्या पानावर होता, तिथंही एक होतं.

त्यांच्या पत्नी पुढं बसत. आजारी पडल्यावर पाय लांब करायला जागा हवी म्हणून त्या मागं आल्या, माझ्या शेजारी. आठवड्यातून एकदा दवाखान्याची फेरी असे. जाताना त्या विणत आणि येताना पेंगत.

"पुढं बसलीस तर बरं वाटतं मला," प्राध्यापक म्हणायचे.

"मला मागंच बरं वाटतं. तुमचं ब्रेक मारणं निदान उशिरा कळतं."

विणताना लोकरीचे बारीक तंतू सुटत आणि तरंगत माझ्याकडं येत. कधी त्यांचं कोपर माझ्यावर टेकलेलं असे. पंखा हवा ओढू लागला की त्या म्हणत, "हे काय कोपराशी सूं सूं करतंय?" आणि शाल जरा सरकवून घेत. माझ्याशी कुणी बोललं असेल तर त्याच.

एकदा प्राध्यापकांनी आरशात बघत विचारलं, "कुणासाठी चाललंय?"

"ज्याला टोचणार नाही, त्याच्यासाठी."

प्राध्यापकांनी नजर आरशातून रस्त्यावर वळवली. त्यामागची हकिगत मला नंतरच्या त्यांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी नवऱ्यासाठी स्वेटर विणला होता. तो घालून प्राध्यापक चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "टोचतो बुवा." तेवढंच. त्यानंतर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विणून दिलं, लेकीला दिलं, जावयाला दिलं. नवऱ्यासाठी पुन्हा सुई धरली नाही. चाळीस वर्षं प्राध्यापकांना माफी मागायची होती, आणि चाळीस वर्षं एवढ्याशा गोष्टीची काय माफी मागायची, असंही वाटत होतं.

एका फेरीला गाडी खड्ड्यातून गेली आणि पत्नीच्या मांडीवरची कागदाची चिठ्ठी उडाली. पंखा जोरात चालू होता. चिठ्ठी माझ्या फटीतून सरळ आत आली. मी ती अडवायला हवी होती का? अजून ठरवता येत नाही.

"अहो, माझी चिठ्ठी पाहिलीत का?"

"कसली चिठ्ठी?"

"काही नाही. पाठ आहे मला."

त्यानंतर फेऱ्या फार झाल्या नाहीत. शेवटच्या वेळी गेल्या त्या परतल्याच नाहीत. दवाखान्यातली पिशवी, विणकामासकट, लेक आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत राहिली त्यांची शाल आणि पाठीशी घ्यायची उशी. प्राध्यापकांनी त्या जशाच्या तशा राहू दिल्या. सीटवर कुणाला बसू देत नसत. शाल माझ्या तोंडावर पडली होती. मी श्वास घेऊ पाहायचे आणि शालच ओढली जायची. तिच्यात अजून त्यांच्या तेलाचा वास होता. खोटं कशाला बोलू, गुदमरत होते तरी ती कुणी उचलू नये असं मलाही वाटत होतं.

सात-आठ महिने गेले. पंखा घोंघावू लागला. मग समोर पिवळा दिवा लागला. मेकॅनिकनं फोनवर सांगितलं, "काका, बॅटरी गरम होतेय. पंख्याची जाळी चोंदली असणार. घरच्या घरी साफ होईल. असंच चालवलंत तर मात्र बॅटरी जाईल."

लेक म्हणाली, "विकून टाका, बाबा. एकट्याला कशाला हवी गाडी?"

"बघतो," म्हणाले ते. गाडी गेली तर ती सीटही जाणार होती.

शोधायला त्यांनी सुरुवात केली बॉनेटपासून. मग डिकी रिकामी केली, स्टेपनी काढली, टॉर्च तोंडात धरून वाकले आणि पाठ धरून बसले. मागचं उजवं दार उघडून खालचा गालिचा उचलला. सगळीकडं पाहिलं. फक्त डाव्या दाराला हात लावला नाही. शेवटी पुन्हा फोन.

"काका, मागच्या सीटवर काही सामान आहे का?"

"आहे. म्हणजे, सामान नाही तसं."

"जे असेल ते काढा. त्याच्याच मागं असेल."

डावं दार उघडून ते किती वेळ उभे होते, सांगता येणार नाही. शाल उचलताना त्यांनी ती आधी हुंगली, मग घडी घातली. घडी नीट जमली नाही, ती मोडून पुन्हा घातली. मग मी त्यांना दिसले. वर लोकरीचा जाड थर, जणू मीच काहीतरी पांघरलं होतं.

"अगं, इथं होतीस होय," ते म्हणाले. ते मला म्हणाले की आणखी कुणाला, हे विचारायची सोय नव्हती.

गाडी बंद करून त्यांनी चमच्याच्या दांड्यानं माझ्या कडा सैल केल्या. टक आवाज झाला आणि मी त्यांच्या हातात आले. पाणी लावायचं नाही, हे मेकॅनिकनं तीनदा बजावलं होतं. कोरड्या ब्रशनं त्यांनी मला झाडलं. निघालेली लोकर टाकली नाही, पाकिटात भरली. मागच्या बारीक गाळणीवर व्हॅक्यूमची नळी धरायला गेले, तर तिथं चिठ्ठी चिकटलेली.

चष्मा पुसून त्यांनी वाचली. "छाती ४०. लांबी २६. उजवी बाही २२. डावी बाही साडेवीस. आतून मऊ अस्तर लावणे."

प्राध्यापक माझ्या शेजारी, त्यांच्या पत्नीच्या जागेवर, बसले. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा डावा हात मोडला होता, तो किंचित आखूड जुळला. शिंप्यांच्या कधी लक्षात आलं नाही. डावी बाही जन्मभर बोटांवर येत राहिली. त्यांनी तक्रारही केली नव्हती.

त्यांनी लेकीला फोन लावला. "आईच्या पिशवीत एक विणकाम होतं."

"आहे की. ह्यांच्यासाठी असणार. पण बाबा, शेवटी शेवटी आईचं मोजणं चुकलं हो. एक बाही आखूड आहे. उसवून सारखी करणार आहे मी."

"उसवू नकोस."

"अहो, पण चुकलंय ते."

"चुकलेलं नाही," म्हणाले ते. त्यांनी चिठ्ठी मांडीवर सपाट केली. "अगं, ते माझं आहे."

मला त्यांनी जागेवर बसवलं, टक आवाज येईपर्यंत दाबलं. पिवळा दिवा गेला. गाडी विकली नाही. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ते मला काढतात, झाडतात, आणि आत काही राहिलं आहे का ते पाहतात. काही नसतं. तरी पाहतात.

तुमच्या गाडीतही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर उशा, पिशव्या रचू नका. आणि साफ करायला काढलीत, तर कचरा टाकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा.

आता प्राध्यापक गाडी चालवत नाहीत, लेक चालवते. ते मागं बसतात, डाव्या बाजूला. परवा थंडी होती. सूं सूं आवाज आला तसं त्यांनी कोपर माझ्यावर टेकवलं आणि एक तंतू सुटून माझ्याकडं आला. अजून धूळ लागलेली नव्हती, म्हणून नीट पाहता आलं. लोकर हिरवीच होती. आणि डावी बाही बरोबर मनगटापाशी थांबत होती.