दंडातली काडी आणि मी

मी एक जुनी वाकळ आहे. तेरखेड्याच्या प्रेमाबाईनं जुन्या लुगड्यांचे थर लावून मला शिवलं आणि लेकीच्या, गायत्रीच्या लग्नात येरमाळ्याला धाडलं. मित्रांनो, पेटीत माझ्यावर तिचा शालू होता. त्याचा मला राग यायचा. पण तो वर्षातून एकदा बाहेर पडे, मी दर महिन्याला.

कारण या घरात पाळी आली की बाई पडवीत बाजूला बसते. तिथं अंथरायला मी. चूल नाही, हंडा नाही, देवघर नाही. रीत काही बरी नव्हती, पण गायत्रीला अंग टाकायला मिळे ते तेवढंच. एरवी तिची पाठ मला कुठली दिसायला!

थोरली लेक समृद्धी वर्षाची व्हायच्या आत पुन्हा दिवस राहिले, उत्कर्ष झाला. गायत्रीच्या अंगात रक्त उरलं नाही. म्हणून बाळंतपणानंतर घरी यायच्या आधीच तिनं दवाखान्यात दंडात काडी बसवून घेतली. काडेपेटीतल्या काडीएवढी, मऊ, कातडीखाली. तीन वर्षं मूल राहणार नाही. एवढ्याशा काडीला तिनं अंगात जागा दिली! मी आपली कायम अंगाखाली.

सुरुवातीला काडीनं मला खूश केलं. कधी रक्ताचे चार ठिपके, कधी परत चार. गायत्रीच्या सासूबाई मथुराबाई प्रत्येक ठिपक्याला म्हणायच्या, "बस बाजूला." वाळते न वाळते तोच मी पुन्हा अंथरली जाई. मग एकाएकी सगळं थांबलं. मला घडी घालून कणगीवर टाकलं. माझ्यावर मांजर व्यालं.

मथुराबाईंनाही चैन पडेना. "आत रगत साठायलंय गं. काढून टाक ती काडी."

"आत्या, काडी काढली अन् लगेच तिसरं राहिलं, तर म्या उभी राहीन का?"

मी कणगीवरून मथुराबाईंच्या बाजूनं होते. निघू दे मेलीला!

दवाखान्यातल्या सोनाली सिस्टर घरी आल्या. त्यांनी तपासणी केली. "दिवस गेलेले न्हाइत. आन् मथुराबाई, रक्त साठत न्हाय. काडीनं आतलं अस्तर पातळच राहतंय, मग यायचं काय? कुणाला थोडं थोडं जातंय, कुणाचं थांबतंय. काडी काढली की पाळी परत येती. लईच जायला लागलं, तर मात्र दवाखान्यात यायचं."

"म्हंजी ही आता बाजूला बसायची न्हाय?"

"कशाला बसंल?"

"मग चुलीपुढनं सुटले म्हणायची म्या!" मथुराबाई हसल्या.

काडी राहिली. गायत्री मात्र हसली नाही. आता अख्खा महिना चूल तिचीच.

एका दुपारी भाकरी थापता थापता ती उठली. हात धुतले, मांजराची पिल्लं खाली ठेवली, मला झटकलं आणि पडवीत नव्हे, घरात मधोमध अंथरलं.

"आली का गं?"

"न्हाय आत्या. दमले. भाकरी तुमी थापा."

मथुराबाई परातीपुढं बसल्या. "वर सरक जरा. धूर लागंल."

मित्रांनो, तिचा दंड माझ्यावर टेकला, तेव्हा काडी मला कातडीतून लागली. अजूनही ती मला आवडत नाही. पण एक मागणं आहे. तुमची आई भरदुपारी आडवी झाली, तर काय झालं म्हणून विचारत बसू नका. तिच्या अंगाखाली काहीतरी मऊ अंथरा. घरात जुनी वाकळ असली तर तीच. नवी चादर नको.