मैद्याची भूल

पी-अमिनोबेन्झॉइक ॲसिड, इथेनॉल आणि थोडं सल्फ्युरिक ॲसिड मी दोन तास उकळलं, थंड केलं आणि त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं. फेस ओसरल्यावर तळाशी पांढरी भुकटी बसली. बेन्झोकेन. जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, म्हणून घशाच्या गोळ्यांत घालतात. साल २००४, कागलची पंचतारांकित एमआयडीसी. पाचही तारे रस्त्यावरच्या पाटीवर. आमच्या शेडमध्ये एक पंखा.

शुद्ध बेन्झोकेन नव्वद अंशांच्या आसपास वितळतं. माझ्या भुकटीला एक्क्याऐंशीलाच घाम फुटला. म्हणजे मळ होता. मालक विजयसिंहांकडं मी शुद्ध करायला दोन दिवस मागितले. माझं प्रोबेशन त्याच दिवशी संपत होतं आणि मला ठेवायचं की काढायचं, ते ह्या मालावर ठरणार होतं.

मालकांचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. तो काय जेवतो का, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खानावळीतून तांबडा रस्सा मागवला. जिभेला भुकटी चोळून वर वाटीभर रस्सा प्यायचा. तिखट लागला नाही तर माल पास, लागला तर मी नापास.

तुलनेसाठी दुसरी पुडी मैद्याची ठेवू, असं मीच सुचवलं. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत शिकलेली चूक.

पॅकिंगच्या शालनताईंना माझी पुडी दिली. 'तिखट न्हाय' एवढं म्हणायला त्यांच्या जिभेला तीन प्रयत्न लागले. मी खूश. मग वॉचमन केरबाकाकांना मैदा. रस्सा पिताच त्यांचे कान लाल झाले, नाक वाहू लागलं, डोळ्यांतून धारा. उचकी दाबून ते म्हणाले, "ह्यात तिखट कुठं हाय? आजाऱ्याला पाजायचा हाय ह्यो."

काका रडतायत, हे मी मालकांच्या नजरेस आणलं. काका म्हणाले, धूळ गेली. मग मालकांनी स्वतः मैदा चोळून वाटी संपवली आणि शर्टाच्या बाहीनं टक्कल पुसत रस्सा सपक ठरवला.

"शास्त्रज्ञ," ते म्हणाले, "मैद्यानंबी जीभ बधिर हुतीय. मग ॲसिड कशाला उकळायचं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली. "तुम्हीच सांगा. तिखट हाय?"

काहीही न चोळता मी घोट घेतला. घसा पेटला, समोरचे मालक दोन दिसू लागले. एक 'व्हय' म्हटलं असतं तर मैदा खोटा ठरून नोकरी वाचत होती. पण केरबाकाका बघत होते, शालनताई बघत होत्या.

"न्हाय की," मी म्हणालो. "जरा फिकाच हाय."

संध्याकाळी गेटबाहेर सोडताना केरबाकाकांनी गुपचूप माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांच्या गालात आधीच एक होता.